‘पॉझिटिव्ह राहा’ एवढं पुरेसं आहे? संकटात मनाला नेमकं काय तारतं, वर्ध्याच्या संदर्भात समजून घ्या

आशावाद आणि ‘मी माझ्या भावना सांभाळू शकतो’ हा विश्वास, या दोन गोष्टी कठीण काळात मनाचं रक्षण करतात, असं मानसशास्त्र सांगतं. पण हा विश्वास येतो कुठून? आणि तो नसेल, तर दोष कुणाचा?

पाऊस लांबला, पेरलेलं उगवलं नाही, दुबार पेरणीची वेळ आली, की वर्धा जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एक हवामानाच्या अंदाजाचा. दुसरा उगवत्या सूर्याच्या फोटोचा, त्याखाली ‘हार मानू नका, सकारात्मक राहा’. पहिला मेसेज कधी खरा ठरतो, कधी नाही. दुसरा मेसेज खरा की खोटा, हे मात्र कुणी तपासत नाही.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्यात तथ्यही आहे. आशावादी माणसं संकटातून तुलनेनं लवकर सावरतात, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. पण अभ्यासकांच्या भाषेतला आशावाद आणि या मेसेजमधला आशावाद एक नाही. हा फरक लक्षात घेतला नाही, तर मदत करण्याच्या नादात आपण अडचणीतल्या माणसावर आणखी एक ओझं टाकतो. पीक गेलं, कर्ज थकलं आणि वर ‘तू खचतोस, म्हणजे तुझ्यातच काहीतरी कमी आहे’ हा ठपका.

माझं म्हणणं थोडक्यात असं: संकटात मन सांभाळण्याची ताकद खरी आहे आणि ती वाढवताही येते. पण ती एकट्या माणसाच्या छातीत आपोआप उगवत नाही. ती शेजारी, घरचे, आशाताई, दवाखाना आणि वेळेवर चालणारं सरकारी काम यांतून तयार होते.

आशावाद म्हणजे नेमकं काय?

मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये आशावाद मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यांच्या दृष्टीनं आशावाद म्हणजे ‘पुढे आपल्या बाबतीत चांगलं घडू शकतं’ ही साधारण अपेक्षा. १९८९ मध्ये त्यांनी बायपास शस्त्रक्रिया झालेल्या ५१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आशावादी रुग्ण लवकर बरे होताना दिसले. महत्त्वाचं म्हणजे हे रुग्ण फक्त छान विचार करत पडून नव्हते. बरं होण्यासाठी काय करायचं, याची आखणी त्यांनी जास्त केली.

आशावाद आणि स्वप्नरंजन यांत इथेच फरक पडतो. गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नोकरी शोधणारे पदवीधरही होते. ‘मला नोकरी मिळेल’ अशी अपेक्षा असणाऱ्यांचं पुढे बरं झालं. पण नोकरी मिळाल्याच्या सुखद कल्पनांत वारंवार रमणाऱ्यांनी अर्ज कमी केले आणि त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या. इंजिनीअरिंगची डिग्री हातात घेऊन बाहेर पडलेल्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मार्टिन सेलिगमन यांनी आणखी एक बाजू दाखवली. वाईट घडल्यावर माणूस त्याचा अर्थ कसा लावतो, हे त्यांनी पाहिलं. मराठीत ती तीन वाक्यं रोज ऐकू येतात: ‘माझं नेहमी असंच होतं’, ‘आता सगळंच संपलं’ आणि ‘माझ्यातच खोट आहे’. पहिलं वाक्य संकटाला कायमचं करतं, दुसरं सगळीकडे पसरवतं, तिसरं सगळा दोष स्वतःवर घेतं. आशावादी माणूस संकट नाकारत नाही. तो म्हणतो, ‘यंदा सोयाबीन गेलं, तूर उभी आहे.’ दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि तो दोन्ही बोलतो.

भावना सांभाळण्याचा आत्मविश्वास म्हणजे काय?

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘सेल्फ-एफिकसी’ ही कल्पना मांडली. साध्या मराठीत सांगायचं, तर ‘हे मला जमेल’ हा विश्वास. पुढे इटलीतल्या जान व्हित्तोरिओ काप्रारा यांनी बंडुरांसोबत ही कल्पना भावनांना लावली. राग आला, खचल्यासारखं वाटलं, तर आपण त्यातून बाहेर येऊ शकतो का? आनंद झाला, तर तो मोकळेपणानं दाखवू शकतो का? या प्रश्नांवर माणसाचा स्वतःवर किती भरवसा आहे, हे त्यांनी मोजलं.

लक्षात घ्या, यात ‘मला दुःख होत नाही’ असं काही नाही. दुःख होतं, पण ते मला बुडवणार नाही, एवढाच हा विश्वास आहे.

आपल्याकडे गल्लत होते ती इथे. ‘माणूस आहेस, रडतोस काय’ असं ऐकत मुलगा मोठा होतो. भावना गिळणं म्हणजे भावना सांभाळणं, असं तो शिकतो. जेम्स ग्रॉस यांच्या १९९८ च्या प्रयोगात भावना चेहऱ्यावर दिसू न देणाऱ्यांच्या शरीरावरचा ताण उलट वाढलेला दिसला. घटनेकडे वेगळ्या नजरेनं पाहणाऱ्यांना त्रासच कमी जाणवला. गप्प बसलेला माणूस खंबीर असेलच असं नाही.

दोन्ही गोष्टी मिळून काय करतात?

आशावाद सांगतो, ‘पुढे मार्ग आहे.’ भावनांवरचा विश्वास सांगतो, ‘तो मार्ग सापडेपर्यंत मी तग धरीन.’ एक नसेल, तर दुसऱ्याचा उपयोग कमी होतो. मार्ग दिसतो, पण आजची रात्र निघत नाही, अशी अवस्था असेल तर माणूस मार्गापर्यंत पोहोचत नाही. तग धरण्याची ताकद आहे, पण पुढे काहीच दिसत नाही, अशी अवस्था असेल तर ती ताकद हळूहळू संपते.

गाडीचे शॉक अब्सॉर्बर असंच काम करतात. खड्ड्यात चाक गेलं तरी सगळा धक्का आतल्या माणसाला बसू देत नाहीत. पण शॉक अब्सॉर्बर खड्डा बुजवत नाही. रस्ताभर खड्डेच असतील, तर उत्तम शॉक अब्सॉर्बरही एक दिवस मान टाकतो.

वर्ध्यात हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

कारण इथे खड्डे बरेच आहेत आणि जुने आहेत. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांसोबत सहावा जिल्हा होता वर्धा. शेतकरी आत्महत्यांमुळे ही यादी तयार झाली होती.

त्यानंतर कापसावर २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत हिंगणघाट परिसरात शेतं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. २०२३ मध्ये सोयाबीनवर येलो मोझॅक पसरला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता, पण बाजारात बहुतेक काळ भाव त्याच्या खालीच राहिला. म्हणजे पीक गेलं तरी तोटा आणि पीक आलं तरी तोटा.

आत्महत्येमागे एकच एक कारण नसतं. कर्ज, आजारपण, घरातले ताण, व्यसन, नैराश्य, एकटेपणा असे अनेक धागे गुंततात. म्हणूनच ‘कर्ज माफ करा, सगळं सुटेल’ हे जितकं अपुरं, तितकंच ‘मन खंबीर करा, सगळं सुटेल’ हेही अपुरं.

अडचणीत डोकं चालत नाही, हा दुबळेपणा आहे का?

नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तेच शेतकरी, त्याच प्रकारच्या चाचण्या. ऊस तोडणीआधी हातात पैसा नसताना त्यांची कामगिरी खालावलेली होती. तोडणीनंतर पैसा आल्यावर ती सुधारली. पैशाच्या चिंतेनं डोक्यातली बरीच जागा व्यापल्यामुळे असं होतं, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. रात्रभर जागरण झाल्यावर डोकं जसं मंदावतं, तसाच हा परिणाम असतो, अशी तुलनाही त्यांनी केली.

जून महिन्यातल्या वर्ध्याचा विचार करा. बियाणं, खत, मुलांच्या शाळेची फी, पीककर्जाचं नूतनीकरण, सगळं एकाच महिन्यात. ज्या काळात सगळ्यांत शांत डोक्यानं निर्णय घ्यायचा, नेमक्या त्याच काळात डोकं सगळ्यांत जास्त भरलेलं. अशा वेळी कुणी चिडलं, चुकलं किंवा सुन्न झालं, तर तो त्याचा स्वभावदोष समजू नये.

नदीपलीकडच्या ३० गावांत काय दिसलं?

वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. तिथल्या ३० गावांत गेल्या दशकात ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. डॉ. राहुल शिधये, प्रा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये मांडले. रचना सोपी होती. गावातले प्रशिक्षित कार्यकर्ते लोकांशी बोलायचे, ताणाची लक्षणं समजावून सांगायचे आणि पहिला आधार द्यायचे. गरज पडली तर समुपदेशक आणि त्याहून जास्त गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ.

उपक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच उपचारापर्यंत पोहोचत होते. नंतर हे प्रमाण २७.२ टक्के झालं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. तुलनेसाठी उपक्रम न राबवलेली गावं या अभ्यासात नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय उपक्रमालाच देता येणार नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते: बोलायला कुणी घरापर्यंत आलं, तर लोक बोलतात. ‘खेड्यातला माणूस मनाचं दुखणं सांगत नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. त्याला कुणी विचारत नाही, हा उरलेला अर्धा भाग.

सरकारनंही हे ओळखलं. २०१५ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, त्यात वर्धा आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्नांतून ताणाखालची माणसं ओळखायची, त्यांना आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालयातल्या पथकापर्यंत पोहोचवायचं, असा हा आराखडा. कागदावर तो उत्तम आहे. पण गरोदर मातांची नोंद, लसीकरण, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळंही त्याच आशाताईच्या खांद्यावर आहे. २०२३-२४ मध्ये मानधनासाठी राज्यभरातल्या आशांना संप करावा लागला. दुसऱ्याचं मन सांभाळायला आपण जिला पाठवतो, तिचं कोण सांभाळतं?

‘मला जमेल’ हा विश्वास येतो कुठून?

बंडुरांनी याचे चार स्रोत सांगितले आहेत. आपल्या जिल्ह्यात ते असे दिसतील.

पहिला, स्वतः केलेलं छोटं काम. मोठं संकट तसंच असताना त्यातला एक तुकडा हातावेगळा झाला, की विश्वास वाढतो. बँकेत जाऊन थकबाकीचा नेमका आकडा समजून घेणं हेही असं काम आहे. पण तिथे चार चकरा मारूनही आकडा कळला नाही, तर तोच माणूस उलटं शिकतो: ‘माझ्यानं काही होत नाही.’ सरकारी टेबलावरचा विलंब असा थेट मनावर परिणाम करतो.

दुसरा, आपल्यासारख्याच कुणीतरी निभावलेलं पाहणं. मुंबईतल्या मोटिव्हेशनल स्पीकरपेक्षा आपल्याच गावात, तेवढीच पाच एकर कोरडवाहू शेती असलेला आणि बोंडअळीच्या वर्षी खचून पुन्हा उभा राहिलेला माणूस जास्त शिकवतो. बचत गटांचं मोल इथेच आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेनं आजूबाजूच्या गावांत आरोग्याच्या कामासाठी महिला गट बांधले, तेव्हा औषधांइतकीच ही एकत्र बसण्याची जागाही तयार झाली.

तिसरा, विश्वासातल्या माणसाचे शब्द. ‘सगळं छान होईल’ या वाक्याला वजन नसतं. ‘उद्या सकाळी तहसीलला मी सोबत येतो’ या वाक्याला असतं.

चौथा, शरीर. झोप नाही, जेवण अर्धवट, वर दारू. अशा शरीरात आलेली निराशा दुप्पट मोठी वाटते. दारू आज रात्रीपुरती झोप देते आणि उद्याची उमेद कमी करते. वर्धा जिल्ह्यात कागदावर दारूबंदी आहे, प्रत्यक्षात काय आहे ते वाचकांना माहीत आहे.

या चारपैकी एकही गोष्ट माणूस एकट्यानं पूर्ण करू शकत नाही.

मग सिंधुताईंचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. सिंधुताई सपकाळ वर्ध्याच्याच, १९४८ मध्ये पिंपरी मेघे इथे जन्मलेल्या. चौथीपर्यंत शिक्षण, बालविवाह, गरोदरपणात घराबाहेर काढलं जाणं, रेल्वेत गाणी म्हणत भीक मागणं. पुढे हजारो अनाथ मुलांच्या त्या माई झाल्या. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या. ‘त्यांना जमलं, मग तुला का नाही?’ असं म्हणत त्यांचे व्हिडिओ आजही फिरतात.

पण त्यांचीच भाषणं नीट ऐकली, तर वेगळं काही ऐकू येतं. जीव द्यावा असं वाटल्याचं त्यांनी जाहीरपणे, अनेकदा सांगितलं. म्हणजे त्यांनी भावना लपवल्या नाहीत. त्यातून बाहेर येण्याच्या त्यांच्या प्रत्येक गोष्टीत दुसरं कुणीतरी आहे: भुकेला भिकारी, टाकून दिलेलं मूल, सोबत खाल्लेली भाकर. दुसऱ्याला आपली गरज आहे, हे कळल्यावर त्या उभ्या राहिल्या. माई एकट्या होत्या म्हणून मोठ्या झाल्या, असा अर्थ काढणं चुकीचं आहे. आणि ज्या समाजात जगण्यासाठी प्रत्येकीला सिंधुताई व्हावं लागतं, त्या समाजानं टाळ्या वाजवण्याआधी स्वतःकडे पाहायला हवं.

व्यवस्थेकडून काय हवं?

शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. कर्ज कुणाचं, थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, याची छाननी होते. ‘अपात्र’ ठरलेल्या घरातल्या बाईला त्या एका शब्दानं काय वाटत असेल, याचा विचार कोणत्याच फॉर्ममध्ये नाही. घरातला कर्ता गेल्यानंतरची पहिली सहा महिने ही मानसिक आधाराची सगळ्यांत मोठी गरज असते. तिथे पंचनाम्यासोबत समुपदेशकही पोहोचायला हवा, प्रकरण पात्र असो की अपात्र.

दुसरी गोष्ट, मदतीची तारीख. किती मिळणार याइतकंच कधी मिळणार हे महत्त्वाचं आहे. आशावाद म्हणजे पुढे काही घडेल ही अपेक्षा. ‘प्रक्रिया सुरू आहे’ या उत्तरावर कुणी अपेक्षा बांधू शकत नाही.

तिसरी, आशाताईंना या कामाचा वेगळा वेळ, वेगळं मानधन आणि त्यांच्यासाठीही बोलायची जागा.

आपण काय करू शकतो?

ओळखीचा माणूस अचानक गप्प झाला, लोकांत येणं टाळू लागला, झोप उडाली, दारू वाढली, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलू लागला किंवा एकाएकी सगळ्यांची देणीघेणी, वस्तू आवरू लागला, तर दुर्लक्ष करू नका. ‘काहो भाऊ, आजकाल दिसून नाही राहिले?’ एवढ्यानं सुरुवात होते. मग उपदेश न करता ऐका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो, ही भीती चुकीची आहे. उलट विचारल्यानं माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या.

पोलिसांच्या भीतीनं कुणी उपचार टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आहे. तिला शिक्षा नव्हे, तर उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

आणि तो उगवत्या सूर्याचा फोटो? पाठवायचाच असेल तर जरूर पाठवा. फक्त त्याखाली ‘सकारात्मक राहा’ऐवजी ‘संध्याकाळी येतो, चहा ठेव’ असं लिहा. आणि जा.

मदतीसाठी: केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही उपलब्ध). राज्याची आरोग्य हेल्पलाइन १०४. तातडीच्या वेळी ११२ किंवा १०८.